दुसरा रिमोट

जळगाव, १२ जानेवारी २०२५

नवल,

हे पत्र आईच्या सांगण्यावरून. "तू फोन करस, तो गच्चीवर जास," ती म्हणाली. "कागद धाड. कागद घरमा ऱ्हास." माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. पोस्टमन बंद करता येत नाही.

आशीर्वाद गृहीत धर.

'शेवटची चौकी' पडली. तुला कुणाकडून तरी कळलं असेल, तरी माझ्याकडून ऐक. दिवाळीला आपला हा व्हिडिओ गेम दुकानांत गेला. परवा संक्रांत आहे आणि दुकानं खोकी परत पाठवताहेत, असं पुण्याहून कंपनीनं कळवलं. सोहनलालजींच्या कापड दुकानावरच्या आपल्या दोन खोल्यांत आता मी आणि त्यांचा अखिल, असे दोघंच बसतो. बाकीचे चौघे एकेक करून गेले. तू पहिला गेलास, जुलैमध्ये, "हा खेळ आपला नाही, अक्का," एवढं बोलून. बरोबर ठरलास. बरोबर ठरलेली माणसं निदान ते ऐकायला तरी थांबतात.

एक गोष्ट पुन्हा सांगते, कारण आई म्हणते तुझ्या मनातून ती जात नाही. तुझा 'दोन काठ' हा खेळ कंपनीनं घेतला नाही, यात माझा दोष नव्हता. 'वज्र' हे दुसरं गेमचं यंत्र विकणाऱ्यांचा 'अंतिम पहारा' तेव्हा देशभर चालला होता. वर्तमानपत्रांत, कॉलेजांत, सगळीकडे तोच. आपण जिच्यासाठी खेळ करतो ती 'सोबत' कंपनी म्हणाली, आमच्या यंत्रावरही तसा एक पाहिजे. मी नाही म्हणायला हवं होतं? कुणाच्या जिवावर?

कामाचं राहिलं. धुळ्याला जाताना तू काळी हार्ड डिस्क नेलीस. तीत स्टुडिओच्या बऱ्याच गोष्टी आहेत. कुरियरनं पाठव.

अक्का


जळगाव, २ फेब्रुवारी २०२५

नवल,

डिस्क आली नाही. पत्र मिळालं, हे आईनं सांगितलं. वाचून तू ते फ्रिजवर ठेवलंस, हेही सांगितलं. फ्रिजवर काय ठेवायचं असतं ते मला माहीत आहे. लाइट बिल.

तुला निदान हे वाचून बरं वाटेल, म्हणून खेळ कसा पडला ते लिहिते.

डिसेंबरात कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर तक्रारी सुरू झाल्या. दुसरा रिमोट चालत नाही. चोपडा, साक्री, शिरपूर, रावेर, सगळीकडून एकच तक्रार. त्यांनी शंभरावर घरांत रिमोट बदलून दिले. बदललेलेही चालेनात. शेवटी रावेरहून एका लीलाधरभाऊंनी खोक्यामागचा आपला नंबर शोधून फोन केला. त्यांची केळीच्या पॅकिंगची शेड आहे. मागं ट्रक भरत होते, ओरडूनच बोलत होते.

"ताई, दुसराबी रिमोट मेला. तिसरा आणू का?"

"भाऊ, रिमोट चांगला आहे. हा खेळ एकाच माणसानं खेळायचा आहे."

"मंग दुसऱ्यानं काय करायचं?"

"बघायचं."

"बघायला टीव्ही होताच की ताई आमच्याकडं."

मी फोन ठेवला. अखिल हसत होता. मी त्याला म्हटलं, हसू नकोस, हा एकटा माणूस सहा महिन्यांत आपल्याशी खरं बोलला आहे.

'सोबत'च्या खोक्यात दोन रिमोट निघतात, एक लाल, एक पिवळा. 'वज्र'च्या खोक्यात एक निघतो. हे आपल्याला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. ते यंत्र मुलगा आपल्या खोलीत लावतो, दार ओढून घेतो, कानांवर हेडफोन चढवतो. आपलं यंत्र बैठकीच्या खोलीत टीव्हीखाली असतं, वर क्रोशाचं झाकण. उन्हाळ्यात मामाची पोरं येतात म्हणून लोक ते घेतात. त्या खोलीत आजी बसलेली असते, कुणी पाहुणा पोहे खात असतो, आणि समोर आपला शिपाई अंधारात एकटा चालती-फिरती मढी मारत चालला आहे. घरच्यांनी दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी बातम्या लावल्या.

आणि तो पंखा. 'अंतिम पहाऱ्या'त पंधरा पंधरा मिनिटं काही घडत नाही, नुसता वारा ऐकू येतो, त्यालाच लोक घाबरतात. एवढं मोठं चित्र आपल्या यंत्राला पेलत नाही, ते तापतं, त्याचा पंखा फिरायला लागतो. आपल्या वाळवंटात वाऱ्याच्या जागी पंखा ऐकू यायचा. तू मे महिन्यात हे म्हणाला होतास. मी म्हटलं होतं, आवाज वाढव. आवाज वाढवला. पंखाही वाढला.

डिस्क पाठव.

अक्का


जळगाव, ९ मार्च २०२५

नवल,

शिरपूरचं तुला माहीत नाही. तू गेल्यावर ऑगस्टमध्ये मी आणि अखिल तिथल्या एका कॉलेजच्या हॉस्टेलवर खेळ घेऊन गेलो होतो, पोरांना दाखवून बघायला. दीडशे पोरं. प्रत्येकाला कागद दिला. पहिला प्रश्न मीच लिहिला होता: हा खेळ 'अंतिम पहाऱ्या'सारखा वाटतो का? दीडशेपैकी एकशे एकेचाळीस जणांनी लिहिलं, अगदी तसाच. एकानं लिहिलं, डिट्टो, मॅडम. ते कागद मी फाइल करून पुण्याला पाठवले. कंपनीत पेढे वाटले म्हणे.

त्यातल्या प्रत्येक पोराकडं 'अंतिम पहारा' होता, म्हणून तर त्याला उत्तर देता आलं. ज्याच्याकडं तो आहे तो अगदी तसाच दुसरा कशाला घेईल, आणि त्यासाठी दुसरं यंत्र कशाला? हा प्रश्न माझ्या कागदावर नव्हता. सहकारी बँकेत मी अकरा वर्षं अर्ज तपासले. अर्जात जे विचारलेलं नाही ते बघायचं नसतं, ही सवय लागते.

राहिली आपली गिऱ्हाइकं. त्यांनी 'सोबत' घेतलं होतं ते 'वज्र' नको होतं म्हणून. त्यांना आपण दिवाळीला खोक्यात घालून सांगितलं की तुम्ही चुकलात, खरी मजा तिकडं आहे, ही घ्या तिची नक्कल. माणूस आपल्या पैशानं असा अपमान विकत घेत नाही.

सोहनलालजी परवा जिना चढून वर आले. गुडघे धरून बसले. म्हणाले, "बेटी, समोरच्या दुकानात एका वर्षी मोराच्या काठाची साडी फार चालली. मी पण तीच मागवली. बाया यायच्या, हात लावायच्या, म्हणायच्या, अगदी तशीच आहे हो शेठ. आणि समोर जाऊन घ्यायच्या."

मी विचारलं, हे दिवाळीआधी का नाही सांगितलंत?

"तेव्हा कोणी विचारलं?"

तोंडात सुपारी होती त्यांच्या. तेव्हाही असेल.

आता मुद्दा. गेल्या आठवड्यात कंपनीची आयुषी पुण्याहून आली होती. तीच नव्या खेळांचं बघते. तिच्या साहेबांचं म्हणणं, 'वज्र'चा आता गाड्यांचा खेळ चाललाय, या वर्षी तसा करा. ती हे सांगत होती आणि स्वतःच खाली बघत होती. मग चहा घेताना म्हणाली, "सुलक्षणाताई, खरं सांगू? मला दोघांनी मिळून खेळायचा एक खेळ पाहिजे. जोरात हसतील असा. एकदा असा चालला की साहेब गप्प बसतील. तुमच्याकडं तसं कधीच काही नव्हतं का?"

मी म्हटलं, बघते.

पंधरा मेपर्यंत तिच्याकडं अर्ज गेला पाहिजे. नाही गेला तर कंपनी या दिवाळीला आपल्याला धरत नाही, आणि मग जूनमध्ये या खोल्या सोहनलालजी गोदामासाठी घेतील. ते तसं बोलले नाहीत. पण टेप घेऊन आले होते.

'दोन काठ' फक्त त्या काळ्या डिस्कवर आहे. म्हणून ती मागते आहे. इतके दिवस आडून लिहिलं, आता सरळ लिहिलं.

अक्का


जळगाव, ६ एप्रिल २०२५

नवल,

तुझं कार्ड मिळालं. "कंपनीनं नाकारला होता ना?" नऊ महिन्यांत तुझ्याकडून आलेले चार शब्द. पत्ता मात्र पिनकोडसकट लिहिला आहेस.

आयुषीचं वाक्य मी तसंच्या तसं लिहिलं, तेव्हा त्यातलं 'कधीच काही नव्हतं का' तुला दिसणार हे मला कळत होतं. मला कळलं नसेल, तर माझ्या हाताला कळलं असेल. घे.

जून २०२३ मध्ये कंपनीनं प्रत्येक स्टुडिओकडून दोन दोन अर्ज मागवले होते. मी दोन्ही भरायला घेतले. त्या अर्जात सातवा रकाना आहे: हा खेळ कोणत्या यशस्वी खेळासारखा आहे? 'शेवटची चौकी'च्या अर्जात मी 'अंतिम पहारा' लिहिलं, एका क्षणात. 'दोन काठ'च्या अर्जात काय लिहू? आईच्या माहेरी आखाजीला, म्हणजे कंपनीच्या भाषेत अक्षय्य तृतीयेला, पांझरा नदीच्या दोन काठांवर दोन गावच्या बाया उभ्या राहून एकमेकींना टोमणे मारतात, शिव्या घालतात, त्याच्यासारखा? तो यशस्वी खेळ आहे का? कुठल्या यंत्रावर?

त्यातून तू काय बनवलंस, तर दोन माणसं दोन रिमोट घेऊन बसणार, आळीपाळीनं तोंडानं टोमणा मारणार, आणि ज्याला मारला त्यानंच ठरवायचं की बसला का. बसला असेल तर त्यानं आपल्याच हातानं 'लागलं'चं बटण दाबायचं, मग पडद्यावरची त्याची बाई एक पाऊल पुढं पाण्यात जाणार. यंत्र काही तपासत नाही. मी तुला तेव्हाच विचारलं होतं, कोण आपणहून 'लागलं' दाबेल? तू म्हणालास, आई दाबते.

हे मी सातव्या रकान्यात लिहू शकत नव्हते. रकाना रिकामा ठेवून अर्ज पाठवायला हात गेला नाही. एकच अर्ज पाठवला.

कंपनीनं 'दोन काठ' नाकारला नाही. कंपनीनं तो पाहिलाच नाही. तुला मी म्हटलं, "आपला तो नाही झाला." तू कुणाकडून नाही झाला, हे विचारलं नाहीस. मी सांगितलं नाही. त्यानंतर वर्षभर तू माझ्या शेजारी बसून त्या शिपायाची सावली सरळ करत होतास.

झालं. लिहिलं. आता उकरून उपयोग नाही. पंधरा मे ध्यानात ठेव आणि डिस्क पाठव.

अक्का


जळगाव, २० एप्रिल २०२५

नवल,

दोन आठवडे झाले. कबूल केल्यावर माणूस निदान शिवी तरी देतो. तू तेही देत नाहीस.

आई फोनवर चांगली बोलते, पण माझं नाव घेत नाही. "जेवनी का?" विचारते आणि ठेवते.

आखाजीला मी धुळ्याला येते आहे. अर्ज घेऊन येते. घरी राहा. एवढं ऐक.

अक्का


जळगाव, १ मे २०२५

नवल,

घरी नव्हतास. अर्थात.

दार आईनं उघडलं. मी विचारलं, नवल कुठं आहे? "पांझरावर गया. मामासंगे." कधी येईल? "तू जाशी मंग." एवढं बोलून ती रस काढायला बसली. मी आंबे पिळू लागले तर पातेलं बाजूला ओढलं. घरी आलेल्या आंडेरीला, लेकीला, आखाजीला काम सांगत नाहीत, तो मान म्हणून ओढलं की राग म्हणून, ते तिच्या तोंडावरून कळेना.

बैठकीत टीव्हीखाली जुनं 'सोबत' जोडलेलं होतं. काळी डिस्क त्याला लावलेली. दोन्ही रिमोट टीपॉयवर, नवे सेल घातलेले. म्हणजे जाण्याआधी तू हे मांडून गेलास. मला भेटायचं नव्हतं आणि हे मात्र मांडायचं होतं. तुझी ही तऱ्हा लहानपणापासूनची आहे आणि तिचा मला लहानपणापासून वैताग आहे.

जेवण झालं. आई पदराला हात पुसत येऊन बसली. लाल रिमोट तिनं घेतला. पिवळा माझ्याकडं सरकवला.

"खेळ," म्हणाली.

"आई, मला काही सुचत नाही असलं."

"माले सुचस."

पडद्यावर नदी आली. दोन काठ, दोन बाया. आईनं माझ्याकडं न बघता सुरुवात केली. "जळगावनं वांगं! वरतून चकचक, मझार कीड!"

मला हसू फुटलं. हसले ते मान्य करायला लागलं, मी दाबलं. माझी बाई घोट्यापर्यंत पाण्यात गेली आणि पलीकडच्या सगळ्या बाया फिदीफिदी हसल्या. ते हसणं आईचं आहे ना? तिचं रेकॉर्ड करून तू दहा वेळा लावलं आहेस. मला आजवर कळलं नव्हतं.

मी म्हटलं, "धुळ्याची धूळ! पुसून टाकली तरी मागं येऊन बसते!"

"लागनं व माय!" म्हणून आईनं ताबडतोब दाबलं. मी विचारलं, एवढं काय होतं त्यात, दाबायची काय घाई? तर म्हणाली, काठावर उभ्या असताना लागलं की लागलं म्हणायचंच असतं. "जी म्हणस नही, तिनासंगे पुढला सालले कोनी खेळस नही."

असे चार-पाच झाले असतील. शेजारच्या धुरपदाबाई आवाज ऐकून आत आल्या आणि परस्पर आईच्या बाजूनं बोलायला लागल्या, मी कशी लठ्ठ झाले आणि बसचं दार कसं बारीक, असलं काहीतरी. मी त्यांनाही उत्तर दिलं. त्यांनी रिमोट हातात नसताना हवेतच बोट दाबलं. खोलीत तीन बाया ओरडत होत्या आणि यंत्राचा पंखा फिरत असेल तर तो कुणाला ऐकू येत नव्हता.

मग आईची पाळी आली. तिनं आवाज खाली आणला. रोजच्या आवाजात म्हणाली, "भाऊनं नाव पेटीमा ठेवं. कुलूप कंपनीना नावनं लावं."

धुरपदाबाई उठल्या, चूल बघते म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्याकडं गॅस आहे.

भावाचं नाव पेटीत ठेवलं ते मी, कंपनीच्या नावानं कुलूप लावलं तेही मी; म्हणजे तू माझी पत्रं तिला वाचून दाखवतोस. फ्रिजवर ठेवण्याआधी.

पिवळा रिमोट हातात धरून मी बसून राहिले. तुझ्या खेळात वेळेची मर्यादा नाही. दोन वर्षांपूर्वी मी तुझ्या वहीत लाल शाईनं लिहिलं होतं, 'टायमर टाक, नाहीतर माणूस कधीच दाबणार नाही.' तू टाकला नाहीस. पडद्यावर नदी वाहत होती. माझी बाई गुडघाभर पाण्यात उभी होती, आईची पलीकडं, दोघी नुसत्या थांबलेल्या. मनात उत्तरं तयार होती, सातवा रकाना, चौघांचे पगार, खोल्या, सगळी. ती तुला तीन महिने लिहूनच झाली आहेत. आई पडद्याकडं बघत होती. चहा निवला. त्यावर साय धरली.

मग दाबलं.

बाई कमरेपर्यंत गेली. पलीकडच्या हसल्या. आई हसली नाही. "आते तुनी पाळी," म्हणाली.

मी टोमणा न मारताच उठले. पाचची बस होती.

अर्ज फ्रिजवर ठेवून आले आहे, लाइट बिलाखाली. खेळ 'दोन काठ', करणारा तू, एकटा. माझं नाव त्यात नाही. सातवा रकाना रिकामा आहे. आयुषीचा पत्ता मागं लिहिला आहे. सही करायची की नाही, पाठवायचा की नाही, ते तू बघ. डिस्क मला नको. पंधरा मेची आठवणही मी आता करणार नाही, आत्ता केली ती शेवटची.

सकाळी आईनं फोन केला. जेवनी का, विचारलं नाही. म्हणाली, टीव्ही तसाच आहे, खेळ तिनं बंद केलेला नाही, नवल आला आणि बराच वेळ बघत उभा राहिला.

माझी पाळी तशीच आहे. दुसरा रिमोट मी टीव्हीखाली ठेवला आहे.

अक्का